रांगेतला कागद

वाचकहो, रांगेत उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर कधी आला नाही अशी भाग्यवंत मंडळी आमच्या पिढीत फारशी नसावीत. रॉकेलच्या दुकानासमोर पहाटे पाच वाजता लोक स्वतः उभे न राहता आपला डबा रांगेत ठेवीत आणि चहासाठी घरी परतत, हे आम्ही लहानपणी इंदुरात नित्य पाहिले आहे. डब्याला मालकाइतकाच मान असे. मागचे लोक पायाने हलकेच ढकलून तो पुढे सरकवीत. मालक दोन तासांनी आला तरी त्याचा क्रम कायम असे, आणि मालक आलाच नाही तरीही डबा आपला पुढे पुढे जातच राही.

गेल्या सत्रात आमच्या शाळेत असाच एक डबा मालकाच्या नकळत पुढे सरकला. त्यापायी सव्वीस वर्षे निष्कलंक सेवा केलेल्या एका सहकाऱ्याकडे आम्ही अर्धा दिवस संशयाने पाहिले. दोष आमचा होता, अज्ञानही आमचेच होते. म्हणून ते प्रकरण येथे विस्ताराने सांगावयाचे योजिले आहे. विषय रूक्ष आहे: युनिक्स जातीच्या संगणकांवर प्रिंटरची रांग कशी लावावी. परंतु ज्या घरात दोन संगणक, चार मोबाइल आणि एकच प्रिंटर आहे, त्या घरालाही हा विषय परका नाही.

आमच्या कार्यालयात एक संगणक आहे आणि त्यावर लिनक्स चालते. कार्यालयात एक प्रिंटर, मुलांच्या संगणक-प्रयोगशाळेत तसाच दुसरा. दोन्ही राउटरच्या डबीमार्फत एकाच जाळ्यात जोडलेले. त्या दिवशी सायंकाळी साडेपाचला आम्ही नववीच्या चाचणीची संस्कृतची प्रश्नपत्रिका तयार केली आणि छापण्याची आज्ञा दिली. प्रिंटर हूं की चूं करीना. पुन्हा आज्ञा दिली. मग तिसऱ्यांदा, आणि मनुष्यस्वभावास अनुसरून, जरा जोराने कळ दाबून चौथ्यांदा. शेवटी 'उद्या पाहू' म्हणून संगणक बंद केला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वी आठवीतला एक मुलगा चार कागद घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. "सर, हे आमच्या लॅबमध्ये आपोआप छापून आलं. तुमचं आहे का?" कागद पालथे धरलेले होते. त्याची थोरली बहीण नववीत आहे, हे आम्हांस मागाहून कळले.

'आपोआप' या शब्दावर मुख्याध्यापकाचा विश्वास बसत नसतो. कार्यालय सकाळी सव्वासातला आमचे बडे बाबू उघडतात. किल्ली त्यांच्याकडे, संगणक सुरू करणारे तेच, आणि त्या वेळी इमारतीत दुसरे मोठे माणूस नव्हते. आम्ही त्यांना बोलावून विचारले, "बाबू, सकाळी संगणकावर तुम्ही काय उघडले होते?" प्रश्न सौम्य होता, पण त्याचा अर्थ सौम्य नव्हता, आणि तो अर्थ त्यांना तत्काळ कळला. ते एवढेच म्हणाले, "सर, मी फक्त बटण दाबलं." आणि बाहेर जाऊन आपल्या जागेवर बसले. दुपारचा डबा त्यांनी उघडला नाही, असे शिपायाने सांगितले.

आमचे संगणक-शिक्षक वयाने आमच्या चिरंजीवांएवढे. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, आधी रांग पाहू या." त्या दुपारी त्यांच्याकडून जे शिकलो ते असे.

संगणक छापावयाचा मजकूर थेट प्रिंटरच्या हाती देत नाही. प्रिंटर मंद असतो, आणि मागणारे अनेक असतात. म्हणून मजकूर प्रथम तबकडीवरील एका ठरावीक जागी लिहून ठेवला जातो; तिला स्पूल, म्हणजे रीळ, असे नाव आहे. तेथून पाळीपाळीने एकेक काम प्रिंटरकडे धाडणारा एक कार्यक्रम पडद्याआड अहोरात्र जागा असतो. त्यास डीमन म्हणतात. हे नाव एमआयटीतील मंडळींनी १९६३ च्या सुमारास पदार्थविज्ञानातल्या मॅक्सवेलच्या प्रसिद्ध डीमनवरून घेतले. दुष्ट पिशाच असा त्याचा अर्थ नव्हे. आमचे गोमंतकीय वाचक ज्याला राखणदार म्हणतील, तो हा: दिसत नाही, परंतु हद्दीत फिरत असतो आणि नेमलेले काम करतो.

छपाई आणि युनिक्स यांचे नाते तर जन्माचे आहे. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही प्रणाली घडविली. त्यांना मोठे यंत्र हवे होते, पण नुसत्या प्रणालीसाठी पैसे मिळेनात. तेव्हा मजकूर सिद्ध करून छापण्याची सोय करून देतो, असे सांगून त्यांनी पीडीपी-११ हे यंत्र मिळविले. १९७१ मध्ये संस्थेच्या पेटंट विभागातील टंकलेखिका त्यावर आपले अर्ज तयार करू लागल्या. कचेरीतले कागद नीट छापून देणे, हे त्या विख्यात प्रणालीचे पहिले पोटापाण्याचे काम होते. आम्हां कार्यालयीन जीवांना हे ऐकून बरे वाटते.

पुढे घराण्याच्या दोन शाखा झाल्या. बर्कले विद्यापीठाच्या शाखेत छापण्यास 'एलपीआर', रांग पाहण्यास 'एलपीक्यू', काम काढून टाकण्यास 'एलपीआरएम' अशा आज्ञा. मूळ कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह शाखेत 'एलपी', 'एलपीस्टॅट' आणि 'कॅन्सल'. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत द्यावयाच्या, येथे उच्चार दिला आहे.) एलपी म्हणजे लाइन प्रिंटर. ते यंत्र कधीच अडगळीत गेले, पण नाव राहिले. टांग्याविना टांगा-स्टँड असावा तसे.

बर्कले शाखेत प्रत्येक प्रिंटरची कुंडली 'प्रिंटकॅप' नावाच्या फाइलमध्ये मांडावी लागे. दोन-दोन अक्षरांच्या खुणा, मध्ये विसर्गासारखी चिन्हे, आणि ओळ पुढे चालू असल्यास शेवटी तिरकी रेघ. त्या रेघेपुढे चुकून एक रिकामी जागा राहिली की पुढचा सगळा मजकूर गळून पडे, आणि दोष डोळ्यांना दिसतही नसे. मुद्रितशोधनाची सवय असलेल्या आमच्यासारख्याच्याही अंगावर काटा यावा असा हा प्रकार. त्यात 'आरएम' ही खूण 'दूरचे यंत्र' या अर्थाची. आणि युनिक्समध्ये 'आरएम' हीच आज्ञा फाइल नष्ट करण्याची! दूरच्या यंत्राकडे काम पाठविण्याची ही बर्कले पद्धत इतकी रूढ झाली की ऑगस्ट १९९० मध्ये तिची रीतसर नोंद प्रसिद्ध करण्यात आली. तिचे द्वार ५१५ क्रमांकाचे.

आज लिनक्सवर आणि ॲपलच्या मॅकवर जी व्यवस्था आढळते तिचे नाव 'कप्स'. मायकेल स्वीट यांनी ती १९९७ मध्ये लिहावयास घेतली आणि १९९९ मध्ये ती लोकांपुढे आली; ॲपलने २००२ साली ती आपल्या प्रणालीत घेतली. स्वीट यांनी शहाणपण असे केले की दोन्ही शाखांच्या आज्ञा चालू ठेवल्या. सुनेने माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आमट्या कराव्यात तसे. कप्सचे द्वार ६३१. ज्या संगणकावर ती चालते तेथे ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' आणि हा क्रमांक दिला की रांगेचे सारे दप्तर समोर उघडते.

आमच्या शिक्षकांनी तेच दप्तर उघडले आणि 'पूर्ण झालेली कामे' या सदराकडे बोट दाखविले. चार कामे. पाठविणारा: आमचे नाव. पाठविल्याची वेळ: आदल्या सायंकाळचे पाच चौतीस ते पाच एकेचाळीस. पूर्ण झाल्याची वेळ: सकाळी सात त्रेचाळीस. बाबूंचे स्वतंत्र खाते आहे. त्यावरून त्या सकाळी एकही काम गेलेले नव्हते.

तेव्हा आमच्या लक्षात आले की रांगेत आमचे चार डबे रात्रभर उभे होते. संगणक बंद केला तरी स्पूलमधले काम पुसले जात नाही. ते तबकडीवर असते. सकाळी बाबूंनी बटण दाबताच राखणदार जागा झाला आणि त्याने डबे पुन्हा पुढे सरकविण्यास प्रारंभ केला. ते खरेच बोलले होते. त्यांनी फक्त बटण दाबले होते.

परंतु कागद प्रयोगशाळेत का निघाले? येथे नाव आणि पत्ता यांतला भेद आड आला. रांगेचे नाव 'कार्यालय' हे माणसांच्या सोयीसाठी. राखणदार नाव वाचून काम पोहोचवीत नाही. त्याच्याजवळ पत्ता लिहिलेला असतो, १९२.१६८.१.२० अशा धाटणीचा. हे पत्ते राउटर वाटतो, आणि विशेष सांगितले नसेल तर ते उसने असतात, धर्मशाळेतल्या खोलीसारखे. आदल्या दुपारी तासभर लाइट गेली होती. ती आली तेव्हा प्रयोगशाळेचा प्रिंटर चालूच ठेवलेला असल्यामुळे तो आधी जागा झाला आणि कार्यालयाच्या प्रिंटरचा पत्ता त्याला मिळाला. कार्यालयाचा आम्ही उशिरा चालू केला, त्याच्या वाट्याला दुसरा आला. चार वाजता प्रयोगशाळा बंद झाली. साडेपाचला आमचे काम जुन्या पत्त्यावर गेले तेव्हा तेथे कोणीच उत्तर देईना, म्हणून राखणदार थांबून राहिला. सकाळी मुलांनी प्रयोगशाळेचा प्रिंटर चालू केला, दार उघडले, आणि पोस्टमनने पत्र आत टाकले. आमची रांग ९१०० क्रमांकाच्या साध्या द्वाराने लावलेली होती. त्या द्वारी 'आपण कोण' असे विचारण्याची पद्धत नाही. जो दार उघडील त्याला पत्र.

आता उपाय. राउटरच्या व्यवस्थेत शिरून प्रत्येक प्रिंटरला कायमचा पत्ता बांधून देता येतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला एक जन्मक्रमांक असतो, मॅक ॲड्रेस; 'हा क्रमांक दिसला की हाच पत्ता द्यावा' असे राउटरला एकदा सांगून ठेवावयाचे. आम्ही कार्यालयास २०० आणि प्रयोगशाळेस २०१ अखेरचा पत्ता दिला. ज्यांच्या घरी वाय-फायचा प्रिंटर 'काल चालत होता, आज सापडत नाही' म्हणून रुसून बसतो, त्यांनी दुकानदाराला बोलावण्यापूर्वी एवढे करून पाहावे. आमच्या मते दहांतले सात रुसवे येथेच मिटतील.

त्यानंतर जुनी रांग मोडून नवी लावली. 'एलपीॲडमिन' या आज्ञेने रांगेस नाव द्यावयाचे, पत्ता द्यावयाचा आणि प्रिंटरची जात सांगावयाची. पत्ता आयपीपी पद्धतीने दिला, आणि जात 'एव्हरीव्हेअर' अशी सांगितली. अलीकडचे प्रिंटर आपल्या कागदाचे आकार, दोन्ही बाजूंनी छापण्याची ऐपत वगैरे माहिती स्वतःच सांगतात, त्यामुळे ड्रायव्हर शोधीत हिंडावे लागत नाही.

या आज्ञेतली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. तीत मोठ्या लिपीतील 'ई' हे अक्षर येते. ते रांगेच्या नावानंतर लिहिले तर 'रांग चालू कर आणि कामे स्वीकार' असा अर्थ होतो. नावाआधी लिहिले तर 'संभाषण गुप्त ठेव' असा होतो आणि रांग बंदच राहते. तरुण शिक्षक यावर वैतागतात. आम्हांस मात्र हे अगदी परिचयाचे वाटले. 'रामही आंबा खातो' आणि 'राम आंबाही खातो' यांतला भेद तीस वर्षे शिकवीत आलो आहोत.

रांगेला दोन दारे असतात, हे तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. एक आत येण्याचे, एक बाहेर जाण्याचे. 'कप्स-डिसेबल' म्हटले की बाहेरचे दार बंद होते. कामे येतच राहतात आणि साचतात. 'कप्स-रिजेक्ट' म्हटले की आतले दार बंद. आलेली कामे छापली जातात, नवी घेतली जात नाहीत. प्रिंटर दुरुस्तीला गेला असेल तर दोन्ही बंद करावीत. एरवी चार दिवसांनी यंत्र परत येते आणि चार दिवसांचे साचलेले सर्व एकदम ओकू लागते. पुन्हा पुन्हा कळ दाबणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी 'एलपीस्टॅट' ही आज्ञा आहे. कागद आला नाही तर पुन्हा छापण्याची आज्ञा देऊ नये, रांग पाहावी; आणि घरी जाण्यापूर्वी आपला डबा उचलून न्यावा, म्हणजे काम 'कॅन्सल' करावे.

गुप्त कागदांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. छापून झाल्यावरही कप्स मजकुराची प्रत सामान्यतः एक दिवस स्पूलमध्ये जपून ठेवते, पुन्हा छापण्याची सोय म्हणून. लग्नपत्रिकेसाठी हे सोयीचे, प्रश्नपत्रिकेसाठी नव्हे. ती जपणूक आम्ही बंद केली. कामांची नोंद मात्र राहू दिली. तसेच कार्यालयाच्या रांगेवर कोणत्या खात्यांनी काम पाठवावे याची यादी बांधली. प्रिंटर आपोआप शोधून रांगा लावणारा 'कप्स-ब्राउझ्ड' नावाचा एक साहाय्यक असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात असा दोष उघडकीस आला की बाहेरचा मनुष्य खोटा प्रिंटर आपल्या संगणकात घुसवू शके, आणि आपण त्यावर छापावयास गेलो की त्याची आज्ञा आपल्या यंत्रावर चाले. दुरुस्ती झाली आहे. पण आमचे दोन प्रिंटर आम्हांस ठाऊकच आहेत, तेव्हा त्या साहाय्यकाला आम्ही रजा दिली.

प्रिंटरच्या रांगेतून मोठ्या गोष्टीही घडल्या आहेत. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. तो दुसऱ्या मजल्यावर, माणसे निराळ्या मजल्यावर; कागद अडकला की कोणाला पत्ता लागत नसे. आधीच्या प्रिंटरच्या कार्यक्रमात रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी सुधारणा केली होती की कागद अडकताच वाट पाहणाऱ्या सर्वांस संदेश जाई. नव्या यंत्राच्या कार्यक्रमाची मूळ संहिता मात्र मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाजवळ ती होती. परंतु कोणास न देण्याचे वचन त्याने दिले होते, म्हणून त्याने नकार दिला. तो नकार स्टॉलमन विसरले नाहीत. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि आमच्या कार्यालयात एक पैसा न देता जे लिनक्स चालते त्याचा बराच मोठा भाग त्या प्रकल्पातून आलेला आहे. अडकलेला कागद आम्हीही अनेक काढले. हातून एवढे काही घडले नाही.

असो. दप्तर पाहून झाले तेव्हा चार वाजले होते. आम्ही उठून बाबूंच्या टेबलापाशी गेलो. केबिनमध्ये बोलावून क्षमा मागणे सोपे होते. पण प्रश्न विचारताना दार उघडे होते आणि दोघा शिक्षकांनी तो ऐकला होता, म्हणून त्या दोघांनाही तेथे बोलाविले. चूक आमची होती असे स्पष्ट सांगितले आणि कशी झाली तेही सांगितले. बाबू थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "सर, मशीननं वेळ लिहून ठेवली नसती, तर?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

प्रश्नपत्रिका त्या रात्री नव्याने काढली. दुसऱ्या दिवशी छापण्याची आज्ञा देताना बाबूंना शेजारी उभे केले, आणि कार्यालयाच्याच प्रिंटरमधून कागद निघू लागल्यावर त्यांनीच ते मोजून पाकिटात घातले. दोन्ही प्रिंटरांवर आता त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकविलेल्या आहेत: 'कार्यालय, २००' आणि 'प्रयोगशाळा, २०१'. पहिल्या चिठ्ठीखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे, ती आम्ही वाचली, पण काढावयास सांगितले नाही: 'कळ एकदाच दाबावी.'